तोंडी निरोप सरळ बंद करून टाकावेत का?

ओळंबा

आमचं इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंगचं काम आहे. सुरू केलं तेव्हा आम्ही ५ जण होतो. एकाच गाडीतून साइटवर जायचो, त्यामुळे कामाचं सगळं बोलणं गाडीतच उरकायचं. आज २३ जण आहोत. तीन सुपरवायझर, ऑफिसात दोघी, स्टोअरला एक, बाकी फिटर, वायरमन, हेल्पर. एका वेळी सहा-सात साइट चालू असतात.

मागच्या महिन्यात एका बाथरूमची भिंत आम्हाला दोनदा फोडावी लागली. गिऱ्हाईक बाईंनी ऑफिसात फोन करून सांगितलं की शॉवरचा डायव्हर्टर (गरम-गार पाणी सोडायचा भिंतीतला नळ) समोरच्या भिंतीत नको, दाराशेजारच्या भिंतीत हवा. म्हणजे गरम पाणी येईपर्यंत गार पाणी अंगावर घ्यायला नको, बाहेर उभं राहूनच चालू करता येईल. मागणी रास्त होती. ऑफिसने मला सांगितलं. मी चालत्या गाडीतून सुपरवायझरला फोन लावला. तो म्हणाला, "हो, झालंच समजा." तो तेव्हा दुसऱ्याच साइटवर होता. तिथून निघणाऱ्या हेल्परजवळ त्याने निरोप दिला, "डायव्हर्टर दाराकडे घ्यायला सांग." हेल्परने जाऊन फिटरला शब्दन् शब्द तसाच सांगितला. आणि फिटरने आहे त्याच भिंतीत डायव्हर्टर दाराच्या बाजूला वीतभर सरकवला. प्रेशर टेस्ट झाली, टाइल लागली, सगळं चकाचक. यात कुणीही खोटं बोललेलं नाही की कामचुकारपणा केलेला नाही.

तेव्हा पुढच्या महिन्यापासून नियम करतोय. तोंडी सूचना चालणार नाही. प्रत्येक कामाचं मोबाइलवर एक पान असेल, त्यावर लिहिलेला बदल तोच बदल. सध्या आमचे व्हॉट्सअ‍ॅपवर ११ ग्रुप आहेत, ते बंद. ५ जणांत बोलणाऱ्यांच्या जोड्या १० होतात, २३ जणांत २५३. इतक्या तोंडांवर भरवसा ठेवून धंदा कसा करायचा? उलट मत असेल तर मांडा, नियम अजून भिंतीवर लावलेला नाही.

पाणसळ

साफ असहमत. निम्मं आयुष्य साइटवर गेलंय, आधी फिटर, मग सुपरवायझर, म्हणून जरा स्पष्ट लिहितो.

तुमचा निरोप तोंडी होता म्हणून बिघडला नाही, चार तोंडांतून गेला म्हणून बिघडला. "डायव्हर्टर दाराकडे घ्या" हेच पानावर लिहिलं असतं तर फिटरने वेगळं काय केलं असतं? वीतभरच सरकवला असता, आणि वर "लिहिल्याप्रमाणे केलं" म्हणाला असता.

२५३ चा हिशेब ऐकायला छान आहे, पण साइटवर तसं चालत नाही. हेल्परला ऑफिसातल्या बाईंशी बोलायचं कामच पडत नाही. प्रश्न किती जोड्या आहेत हा नसून, ज्याने ऐकलं त्याच्यापासून ज्याच्या हातात छिन्नी आहे त्याच्यापर्यंत किती जण मध्ये उभे आहेत हा आहे. तुमच्याकडे ऑफिस, तुम्ही, सुपरवायझर, हेल्पर असे चार निघाले. त्यातले तिघे भिंत न बघताच बोलत होते.

आणि मोबाइलवरचं पान वाचणार कोण, कधी? सॉल्व्हंट (पाइप चिकटवायचा द्रव) लावला की जोड लगेच बसवून धरावा लागतो. हात चिकट, समोर ओली झिरी (पाइपसाठी भिंतीत फोडलेली खाच), आणि खिशात फोन टुणटुणतोय. संध्याकाळी हात धुतल्यावर तो बघेल. तोवर भिंत बंद झालेली असेल.

जमाखर्च

मी एका अशाच फर्मचं ऑफिस सांभाळते. धागाकर्त्याशी सहमत, किंबहुना उशीरच झालाय म्हणेन.

साइटवाल्यांचं "बोलून होतं" हे खरं आहे. काम होतं, बिल होत नाही. गिऱ्हाईक उभ्या उभ्या म्हणतं, "इथे अजून दोन पॉइंट टाका ना." वायरमन टाकतो. महिन्याने मी बिल पाठवते आणि गिऱ्हाईक म्हणतं, हे कधी ठरलं? आता मी कुणाच्या तोंडाला पुरावा मागू? वायरमनला आठवत नाही, सुपरवायझरला माहीतच नाही.

ग्रुपवर असतं की सगळं, असं कुणी म्हणायच्या आत सांगते. आमच्या एका सुपरवायझरने फोनची मेमरी भरते म्हणून साइटच्या ग्रुपला मेसेज ७ दिवसांनी आपोआप नाहीसे होण्याचं सेटिंग लावलं होतं. (२४ तास, ७ दिवस, ९० दिवस असे तीन पर्याय येतात. त्याने बिचाऱ्याने मधला निवडला.) तिसऱ्या आठवड्यात वाद निघाला, ग्रुप उघडला तर सगळं साफ. शिवाय पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि दोनेक दिवस सगळ्यांच्या फोनवरून पुसता येतो. ग्रुपला लेखी नोंद म्हणणं मला पटत नाही. तो टाइप केलेला गलका आहे. चाळीस 'गुड मॉर्निंग'च्या खाली एक माप दडलेलं, आणि त्यावर सहा अंगठे. अंगठा म्हणजे वाचलं, कळलं, की नुसतं दिसलं, हे आजतागायत मला समजलेलं नाही.

टेस्टर

त्या अंगठ्यावरून आठवलं. २७ मार्च १९७७, तेनेरीफ बेटावरचा विमानतळ. दाट धुकं, धावपट्टीवर समोरासमोर दोन बोइंग ७४७. केएलएम या डच कंपनीच्या विमानाने कळवलं की आम्ही टेक-ऑफला आहोत. टॉवरने उत्तर दिलं, "ओके," आणि त्याला जोडून, थांबा, मी सांगतो. नेमक्या त्या क्षणी पॅनअ‍ॅम या अमेरिकन कंपनीचं दुसरं विमानही रेडिओवर बोललं, दोन आवाज एकमेकांवर आदळले आणि कॉकपिटमध्ये 'ओके'च्या पुढे नुसती कर्कश शिट्टी ऐकू आली. केएलएमने विमान पळवलं, ते पॅनअ‍ॅमच्या विमानावर आदळलं आणि ५८३ माणसं गेली. कारणं आणखीही होती, पण त्यानंतर नुसत्या 'ओके'वर भागवणं बंद झालं. मिळालेली सूचना वैमानिकाने परत म्हणून दाखवायची, आणि 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना-घेतानाच वापरायचा, असं ठरलं.

आता यातली गोम बघा. एवढं होऊनही त्यांनी बोलणं बंद केलं नाही. आजही टेक-ऑफची परवानगी तोंडीच मिळते. "हो, झालंच समजा" हे तुमचं 'ओके' होतं. सुपरवायझरला तुम्ही विचारलं असतं, "कुठल्या भिंतीत घेणार?" तर तिथेच उजेड पडला असता.

अवांतर: एक गोष्ट मात्र लिहूनही चालत नाही आणि बोलूनही. "मेन बंद आहे." मी वायरमन आहे. मेनला कुलूप, त्यावर माझ्या नावाची पाटी आणि किल्ली माझ्या खिशात, असं असल्याखेरीज मी तारेला हात लावत नाही. कुणी शपथ घेऊन सांगितलं तरी आधी टेस्टर.

पाणसळ

विमान कुठे, फ्लश टँक कुठे! पण मुद्दा बरोबर आहे.

फक्त परत म्हणून दाखवायला लावताना जरा सांभाळून. "काय समजलं ते सांग" असं विचारलंत तर पन्नाशीच्या मिस्त्रीला शाळेत उभं केल्यासारखं वाटतं. तो रागाने घडाघडा म्हणून दाखवेल आणि करायचं तेच करेल. मी विचारतो, "मग सुरुवात कुठून करणार?" किंवा "पाइप कुठून फिरवणार?" गडी पेन्सिल काढून भिंतीवर रेघ ओढतो. चुकीचं समजलेलं असेल तर ती रेघच सांगते.

जमाखर्च

@टेस्टर, वैमानिक आणि तुमचा फिटर यांत एक फरक राहिला. परवानगी ज्याला मिळते तोच पुढच्या मिनिटाला विमान उडवतो. साइटवर सोमवारी ज्याने ऐकलं तो गुरुवारी दुसऱ्याच साइटवर पाठवलेला असतो. गुरुवारी येणाऱ्याला कोण म्हणून दाखवणार? पेन्सिलची रेघ प्लास्टरखाली गेली, आणि सोमवारचा माणूस फोन उचलत नाही.

५ जण होते तेव्हा माणूसच कामाची वही होता. २३ झाल्यावर माणसं साइटवरून साइटवर फिरतात, वही कुठेतरी एका जागी राहायला हवी की नको?

सटरफटर

स्टोअरवाल्याला कुणी विचारत नाही, म्हणून आपणहून येतो.

मला व्हॉइस मेसेज येतो: "अर्ध्या इंचाचे एल्बो वीस पाठव." (एल्बो म्हणजे पाइप वळवायचा कोपऱ्याचा जोड.) मागे ड्रिल मशीनचा आवाज. आता अर्धा इंच म्हणजे काय? जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप अर्ध्या इंचाचा असेल तर बाहेरून २१.३ मिमी भरतो. सीपीव्हीसीचा (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिक पाइपचा) अर्धा इंच बाहेरून १५.९ मिमी. खरा अर्धा इंच १२.७ मिमी, तो या दोन्हींत बाहेरून कुठेच सापडत नाही. मेसेज पाठवणारा समोरच्या पाइपकडे बघून बोलत असतो, म्हणून त्याला वाटतं आपण सगळं सांगितलं. मी रॅककडे बघून ऐकतो, मला चार प्रकारचे एल्बो दिसतात.

हेच त्याने लिहून पाठवलं तरी "अर्धा इंच एल्बो २०" एवढंच लिहील. म्हणून लेखी की तोंडी या भांडणात मला रस नाही. मी एक छापील चिठ्ठी केली. माल कशाचा, माप, नग, कुठल्या कामाला, कधी हवं, असे पाच रकाने. एक जरी कोरा असला तरी माल काढत नाही. पहिले पंधरा दिवस शिव्या खाल्ल्या. आता व्हॉइस मेसेजमध्येसुद्धा तेच पाच रकाने ओळीने ऐकू येतात, चिठ्ठी न भरता!

कोरी पाटी

हेल्पर म्हणून सुरुवात केली, आता फिटर आहे. माझा अनुभव धागाकर्त्याच्या विरुद्ध जाणारा आहे.

आधीच्या ठिकाणी असंच पान आलं होतं. पहिल्या आठवड्यात सगळे भरभरून लिहायचे. मग एकदा एका लाइनला गळती निघाली, मालकांनी पान उघडलं, कुणाचं नाव आहे ते बघितलं आणि त्याचा पगार कापला. त्या दिवसानंतर पानावर 'झाले' हा एकच शब्द उरला. जोड जरा तिरका बसलाय, वॉशर बदलायला हवा, उद्या बघतो, असं लिहिणारे लिहायचे थांबले. बोलायचेही थांबले, ते वेगळंच. लिहिलेलं आपल्याच गळ्यात येणार असेल तर कोण लिहील?

शिवाय काही जणांना वाचता येतं पण लिहिणं जड जातं. ते लाजेने सांगत नाहीत, दुसऱ्याला भरायला लावतात. म्हणजे मध्ये आणखी एक तोंड वाढलं.

टोयोटाच्या कारखान्यात लाइनवरच्या कुठल्याही कामगाराला काही खटकलं तर दोरी ओढता येते. ओढली की टीम लीडर धावत येतो, वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. तुमच्या साइटवर अशी दोरी आहे का? हेल्पर "थांबा, मला शंका आहे" म्हणू शकतो का?

आणि एक विचारायचं राहिलंय. त्या भिंतीनंतर निरोप नेणाऱ्या हेल्परचं काय झालं?

ओळंबा

उत्तर द्यायला दोन दिवस लागले, कारण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे धड नव्हतं.

आधी बाकीचं. तोंडी बंदीचा नियम मागे घेतला. बदल ज्याने ऐकला त्यानेच, हातात छिन्नी असलेल्या माणसाशी थेट बोलायचं, मध्ये कुणी नाही. भिंतीतला बदल असेल तर भिंतीचा फोटो काढून त्यावर खूण करायची आणि तो फोटो कामाच्या पानावर टाकायचा. सटरफटर यांची चिठ्ठी जशीच्या तशी उचलतोय. ११ ग्रुपांतले ८ काल बंद केले. दोघे फुगलेत, फुगू देत. आणि गाडी चालवताना मी सूचना देणार नाही, हे घरच्यांनाही सांगून टाकलं.

आता हेल्पर. मी त्याला बोललो होतो, सकाळी सगळे जमलेले असताना. "एवढासा निरोप नीट नेता येत नाही?" असं काहीतरी. कोरी पाटी यांचा प्रश्न वाचून काल त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, "मागे एकदा बाई दाराशेजारच्या भिंतीवर हात ठेवून दाखवत होत्या, तेव्हा मी तिथेच होतो. फिटर या भिंतीत झिरी मारायला लागले तेव्हा मला वाटलं होतं, हे काहीतरी वेगळंच चाललंय." मग बोलला का नाहीस? तर म्हणे, "सुपरवायझरनी सांगितलं तेवढंच सांगायचं असतं ना."

जमाखर्च

ग्रुप बंद केलेत ते बरं केलंत. पण ज्याने पैसे वाढतात असा बदल गिऱ्हाइकाच्या सहीशिवाय मी बिलात धरणार नाही, फोटो असो वा नसो. यावर मी हटणार नाही.

पाणसळ

सही घ्यायला छिन्नीवाल्याला पाठवू नका म्हणजे झालं.

कोरी पाटी

@ओळंबा, बाजूला घेऊन विचारलंत, ठीक. पण बोलला होतात ते सगळ्यांदेखत. उद्या सकाळी सगळे जमतील तेव्हा तेही निस्तरा.