खोल्यांची यादी दिली की घर होतं का?

चिरेखाण : परवा इथे कुणीतरी लिहिलं, "खोल्यांची यादी द्या, प्रोग्राम पाच मिनिटांत आराखडा देतो, आर्किटेक्टची फी वाचली." डोकंच फिरलं. या प्रोग्रामांचं कूळ कारखान्यातलं. 1963 चा क्राफ्ट घ्या, कारखान्यातले विभाग मांडून देणारा प्रोग्राम. कुठल्या विभागातून कुठे किती माल जातो, त्याला अंतराने गुणायचं आणि बेरीज उतरेपर्यंत विभागांची अदलाबदल करायची. आमचं माजघर मोठं आहे ते गणपतीत अख्खी वाडी आरतीला उभी राहते म्हणून. एरवी तिथे फारशी वर्दळ नसते. वर्दळ मोजणारा प्रोग्राम आधी त्यालाच कात्री लावणार.

दर्यावर्दी : अहो, साठ वर्षांपूर्वीचं काय सांगताय? बारा खोल्या बारा जागी मांडायचे 47 कोटींवर प्रकार होतात. कुठला आर्किटेक्ट तेवढे बघतो? माजघर एवढं हवंच अशी अट घाला, पाळेल. आमच्या इंजिनिअरने शेजाऱ्यांचाच नकाशा उलटा करून दिला, दार आलं नैर्ऋत्येला. पहिल्याच आषाढात झड देव्हाऱ्यापर्यंत! माणसानेच काढला होता ना?

परसू : झडीचं निघालंच आहे तर सांगते, आधी स्लॅबचं खूळ काढा. कौलं उतरवून स्लॅब घालायचा, गळायला लागला की वर पत्र्याची शेड. दोनदा पैसे. जांभ्याच्या भिंतींवर उतरतं छप्पर काय वाईट होतं?

दर्यावर्दी : ताई, तुमच्याकडे माकडं येत नाहीत वाटतं. दरवर्षी कौलं चाळायला गडी कुठून आणायचे? 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनकडे काय झालं, पाहिलंत ना?

परसू : पाहिलं. पत्रेही उडाले. कौल फुटलं तर एक बदलता येतं. माझ्या सासऱ्यांनी सत्तरीपर्यंत स्वतः चाळली, गड्यांची सबब सांगू नका.

दर्यावर्दी : सबब? माझे वडील कौलं चाळताना पडले आहेत. जपून बोला.

चिरेखाण : दोघेही थांबा. छपराचाच मुद्दा आहे. हे प्रोग्राम बहुतेक जमिनीवर चौकोन मांडतात. उतार पडवीवर येईपर्यंत डोक्याला वासा लागतो, ते चौकोनात दिसत नाही. 2020 चं हाउस-गॅन, म्हणजे नकाशे बघून नवे नकाशे काढायला शिकणारं एआय, जपानी घरांच्या नकाशांवर शिकलेलं. त्याला पडवी कुठून ठाऊक असणार?

दर्यावर्दी : मग शिकवा की! जुनी घरं पाडली जातायत, मापं कुणी घेतलीत? नुसत्या आठवणी काढून प्रोग्रामला शिव्या घालायच्या.

चिरेखाण : मापांचं मान्य, तेवढंच. आढ्याची आणि वळचणीची उंचीही घ्यायची. फी वाचते हे मात्र अजूनही पटत नाही.