औषधपाण्याच्या खर्चापायी उतारवयात देश बदलताना : आपले अनुभव

उमेदीची वर्षे ज्या देशात काढली, तिथलाच औषधोपचार साठीच्या आगेमागे परवडेनासा झाला म्हणून ज्यांनी दुसऱ्या देशात बिऱ्हाड हलवले, अशांचे अनुभव एकत्र करावेत असे बरेच दिवस मनात होते. विषय माझ्याच घरातला आहे. अमेरिकेत मेडिकेअर, म्हणजे वयस्कांचा सरकारी आरोग्य विमा, पासष्टीला सुरू होतो आणि नोकरी पुष्कळदा त्याआधीच सुटते. मधली वर्षे कशी काढायची हे सुचत नसल्यामुळे आम्ही दोघे सध्या ओहायोतल्या घराच्या विक्रीचे कागद समोर ठेवून बसलो आहोत. कोणती शस्त्रक्रिया कुठे कितीला होते याची दरपत्रके हवी तितकी मिळतात, ती येथे नकोत. निघताना आपण काय हिशेब मांडला होता आणि त्यात कोणती रक्कम धरायचीच राहिली, तेवढे कृपया सविस्तर लिहावे. अशा मंडळींची उस्तवार ज्यांच्या अंगावर येते, त्या भारतातल्या नातेवाइकांनीही संकोच करू नये.

न्यू जर्सीहून कोथरूडला

२०२१ मध्ये यजमानांची नोकरी गेली तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते आणि मी अठ्ठावन्न. कोब्रा या अमेरिकी कायद्याखाली नोकरी सुटल्यावरही जुनाच विमा अठरा महिने चालू ठेवता येतो, पण कंपनी भरत असलेला वाटाही आपल्यालाच भरावा लागतो. आमच्या दोघांचा हप्ता महिन्याला १,९०० डॉलरवर गेला. त्यानंतर बाजारातून विमा घ्यायचा, तर साठीच्या माणसाचा हप्ता तरुणाच्या तिपटीपर्यंत असू शकतो. ह्यांना मधुमेह, मला थायरॉइड. आम्ही दोघेही अमेरिकन नागरिक, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना इथे राहता येते ते) आधीपासून होते, म्हणून २०२२ च्या पावसाळ्यात पुण्याला आलो. माहेरी परत यावे आणि दारात परदेशी नागरिक म्हणून उभे राहावे, ही गंमत पहिले काही महिने रोज जाणवत असे.

इथे आल्याबरोबर आरोग्य विमा घेतला आणि निर्धास्त झालो. चौदाव्या महिन्यात ह्यांच्या छातीत दुखू लागले. रात्री पावणेबाराला रुग्णालयाच्या खिडकीवर अनामत रक्कम मागितली, तेव्हा मी अमेरिकेतले कार्ड पुढे केले. बँकेला व्यवहार संशयास्पद वाटला आणि खात्री करून घेण्यासाठी तिने ओटीपी पाठवला, तो न्यू जर्सीच्या क्रमांकावर. ते सिमकार्ड घरी, कपाटातल्या बांगड्यांच्या डब्यात होते. शेवटी शेजारच्या कुलकर्णी वहिनींनी स्वतःचे कार्ड घासले आणि दाखल करून घेण्याचे काम पुढे सरकले.

दोन स्टेंट बसले. स्टेंटच्या किमतीवर सरकारने फेब्रुवारी २०१७ पासून कमाल मर्यादा घातलेली आहे (औषधी लेपाच्या स्टेंटची पहिली मर्यादा २९,६०० रुपये होती, पुढे ती कमी-जास्त झाली), त्यामुळे सगळे मिळून बिल साडेतीन लाखांच्या आत आले. न्यू जर्सीत तेवढ्यात दोघांच्या विम्याचे तीन महिनेही निघाले नसते. मात्र ते सगळे आम्हीच भरले, कारण मधुमेह आधीपासूनचा, हृदयाचे दुखणे त्याच्याशी जोडलेले, आणि आधीच्या आजारांसाठी थांबण्याची मुदत तेव्हा चार वर्षांपर्यंत असे. एप्रिल २०२४ पासून ती जास्तीत जास्त ३६ महिने झाली आणि पासष्टीनंतर नवी पॉलिसी घेण्यातली वयाची आडकाठीही नियमांतून गेली. तरीसुद्धा पहिली तीन वर्षे विमा नाहीच असे समजून तेवढी रक्कम बँकेत बाजूला ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

गेल्या वर्षी हे पासष्टीचे झाले. मेडिकेअरचा पार्ट ए (रुग्णालयात दाखल होण्याचा भाग), कामाच्या चाळीस तिमाह्या भरलेल्या असल्यामुळे, विनाहप्ता मिळाला. पार्ट बीचा (डॉक्टर आणि बाह्य उपचारांच्या भागाचा) हप्ता २०२५ मध्ये महिना १८५ डॉलर होता आणि मेडिकेअर भारतात चालत नाही. वेळेवर घेतला नाही, तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता दहा टक्क्यांनी वाढतो आणि तो दंड पार्ट बी असेतोवर भरत राहावा लागतो. जी गोष्ट इथे वापरताच येत नाही तिचे पैसे भरावेत, की परतीची वाट महाग करून ठेवावी? आम्ही ह्यांच्यापुरता पार्ट बी घेतला. माझ्या वेळी काय करायचे यावर घरात अजून एकमत नाही.

लेस्टरहून नाशिकला

माझी गोष्ट वेगळी आहे, कारण ब्रिटनमध्ये उपचार फुकटच होते. फक्त गुडघ्यांची पाळी येत नव्हती. २०२३ मध्ये दोन्ही गुडघे बदलून घेण्यासाठी नाशिकला भावाकडे आले आणि राहून गेले. गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीही सरकारने ऑगस्ट २०१७ पासून बांधून दिलेल्या आहेत, त्यामुळे भावाने आधी चौकशी करून सांगितलेला खर्च आणि प्रत्यक्ष बिल यांत फार अंतर पडले नाही. भावाच्या घराला तीन पायऱ्या आहेत आणि त्यांना कठडा नाही. तो बसवून घेईपर्यंतचे पंधरा दिवस मी अंगणसुद्धा पाहिले नाही.

हिशेबात चुकले ते पेन्शनचे. ब्रिटनची सरकारी पेन्शन भारतात मिळते, पण दरवर्षीची वाढ इथे राहणाऱ्यांना मिळत नाही. पहिल्या दिवशीचा आकडा तोच कायम राहतो. पंचाऐंशीव्या वर्षी त्या पैशांत रात्रपाळीची बाई तरी ठेवता येईल का, हे मी वहीत मांडून पाहिले आणि वही मिटून ठेवली.

कॅलिफोर्नियाहून पोर्तुगालला

आम्हा दोघांना भारतात परतायचे नव्हते, त्याची कारणे कौटुंबिक आहेत. पेन्शन किंवा भाड्यासारखे नियमित उत्पन्न दाखवता आले की पोर्तुगालचा डी-७ व्हिसा मिळू शकतो. रहिवासी झाल्यावर सरकारी आरोग्य सेवेत नाव नोंदवून क्रमांक मिळतो आणि २०२२ पासून तिथली बहुतेक शुल्केही रद्द झालेली आहेत. नाव नोंदवले तेव्हा क्रमांक त्याच दिवशी हातात पडला. कुटुंबाचा डॉक्टर मात्र अद्याप मिळालेला नाही, आम्ही यादीत आहोत. तोवर खाजगी विमा काढावा म्हटले, तर पुष्कळ योजनांचे दार वयाच्या आकड्यावरच बंद होते.

पाव, बटाटा, साबण, चावी हे शब्द पोर्तुगीजांकडूनच मराठीत आले, तेव्हा निम्मी भाषा आपल्याला येतेच, असे मी निघण्यापूर्वी सर्वांना कौतुकाने सांगत असे. एका रात्री यजमानांच्या छातीत कळ आली, तेव्हा त्यांतला एकही शब्द कामाला आला नाही. ११२ वर फोन केला. रुग्णवाहिकेतला तरुण ‘दोर, दोर’ असे विचारत राहिला आणि याला दोरी कशाला हवी, या विचाराने मी आणखी घाबरले. दुखण्याला तिकडे दोर म्हणतात. निदान पित्ताचे निघाले आणि बिल काही आले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी शिकवणी लावली आहे, आणि पहिल्या वहीत शरीराचे अवयव आहेत.

पुण्यातून, एक पुतण्या

आधीच्या लेखनात ‘भाऊ’ आणि ‘शेजारच्या वहिनी’ येऊन गेले, म्हणून लिहितो. माझे काका-काकू टेक्सासहून परत आले, त्यांना दोन मुले, दोन्ही तिकडे. पुण्यातल्या रुग्णालयात खाटेवरचा माणूस एकटा चालत नाही. ‘पेशंटबरोबर कोण आहे?’ हा प्रश्न दिवसातून दहा वेळा येतो, आणि संमतिपत्रावर सही, तळमजल्यावरून औषधे, टीपीएच्या (विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) टेबलावर फाईल, रात्री बाकावर झोपणे, ही सगळी त्या सोबतच्या माणसाची कामे. ब्युरोची मावशी बारा तासांची ड्यूटी करते, उशी सरळ करते, पण सही करत नाही. गेल्या वर्षी काकांच्या दोन दुखण्यांत माझी एकवीस दिवसांची रजा गेली. काकांवर माझा जीव आहे आणि मी पुन्हाही जाईन. पण त्यांच्या एक्सेलमध्ये डॉलर, रुपये, हप्ते, सगळ्यांना रकाने होते आणि माझ्या रजेला नव्हता. येण्यापूर्वी एकदा विचारले असते, तरी मी होच म्हटले असते.

कोथरूडहून पुन्हा : पुतण्याचे लिहिणे ह्यांना वाचून दाखवले. कुलकर्णी वहिनींचे पैसे आम्ही दुसऱ्याच दिवशी फेडले होते. त्या रात्री त्या पहाटे चारपर्यंत माझ्याबरोबर बसल्या होत्या, त्याचा उल्लेख माझ्या हातून राहिला.

पुण्याहून परत शिकागोला

आम्ही पुण्याला कायमचे घर मानले नाही. त्रेसष्टाव्या वर्षी आलो तेच पासष्टीपर्यंतची दोन वर्षे काढायला, आणि तसे नातेवाइकांना आधीच सांगितले होते. मेडिकेअरमध्ये पहिल्यांदा नाव घालण्याची मुदत सात महिन्यांची असते: वाढदिवसाचा महिना, त्याच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन. पार्ट बी सुरू झाल्यापासून सहा महिने मेडिगॅपचा पूरक विमा प्रकृतीची चौकशी न होता मिळतो. तो हुकला, तर बहुतेक राज्यांत कंपनी नाकारू शकते. म्हणून मी वेळेवर एकटा परतलो आणि मुलीच्या तळघरातल्या खोलीत राहतो आहे. पत्नी माझ्याहून धाकटी आहे, ती अजून सहकारनगरलाच आहे. तिची पासष्टी फेब्रुवारीत येते. नोव्हेंबरचे तिकीट काढून ठेवले आहे.