समुद्रावरचं अंतर कोसांत सांगायचं तर

विचारणा : जुन्या प्रवासवर्णनाचा एक अनुवाद तपासतोय. चौलहून मुंबईकडे निघालेलं गलबत मुळात ‘आठ लीग’ कापतं, अनुवादात ‘आठ कोस’. कानाला गोड लागतं, जुन्या काळाचा वासही येतो. पण लीग म्हणजेच कोस का? आणि समुद्रावर कोस चालतो का?

उत्तर : कोस चालेल, आठ चालणार नाहीत. नकाशावर बघा. चौलजवळची रेवदंड्याची खाडी १८ अंश ३३ कलांच्या आसपास (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), मुंबई बंदराचं तोंड १८ अंश ५५ कलांच्या आसपास. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे सरळ उत्तरेला बावीस मैल, वळसे धरून चोवीस-पंचवीस. इंग्रजी सागरी लीग तीन सागरी मैलांची, आठ त्रिक चोवीस. हिशेब जुळला. आता कोस. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातलं कोष्टक असं : २४ अंगुळांचा हात, ४ हातांचा दंड, २००० दंडांचा कोस, ४ कोसांचं योजन. हात दीड फुटाचा धरला तर कोस १२,००० फूट, म्हणजे ३.६६ किलोमीटर. दोन सागरी मैल होतात १२,१५२ फूट. फरक दीडशे फुटांचा! तेव्हा एक लीग म्हणजे दीड कोस आणि आठ लीग म्हणजे बारा कोस. अनुवादकाच्या आठ कोसांत ते गलबत सोळा मैलच जातं. खांदेरी मागे टाकेल, पण मांडव्याच्या आसपासच थांबेल, मुंबई समोर दिसत राहील.

दुसरे एक : इतकं सोपं नाही हो. कोस कुणाचा? अकबरी कोस ५००० गजांचा, तो चार किलोमीटरच्या वर जातो. आपल्याकडे इंग्रजी अमदानीत लोक कोस म्हणजे दोन मैल धरून चालायचे, तोही जमिनीवरचा मैल, म्हणजे ३.२ किलोमीटर. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, कोससुद्धा बदलतो.

उत्तर : मान्य. लीगचंही तेच. पुस्तक मुळात पोर्तुगीज असेल तर आणखी एक खाच आहे. सोळाव्या शतकातले पोर्तुगीज नाविक अक्षांशाच्या एका अंशाला साडेसतरा लेग्वा (लीगचं पोर्तुगीज रूप) धरत, म्हणजे एक लेग्वा जवळजवळ साडेतीन सागरी मैल. मग आठाचे सत्तावीस मैल होतात, साडेतेरा कोसांच्या वर. म्हणून आधी मूळ भाषा विचारा, आकडेमोड मागाहून.

किनाऱ्यावरून : आमच्याकडे होडीवर कोस कुणाच्या तोंडी नाही. पाणी वावात मोजायचं. ‘दहा वावात जाळी टाकली’ एवढं म्हटलं की कुणाला काही विचारावं लागत नाही, कारण किनाऱ्यापासून लांबी किती ते पाण्याच्या खोलीवरूनच कळतं. शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडायची, तळ लागला की दोन्ही हात फैलावून एकेक वाव ओढत वर घ्यायची. लांबचं अंतर तासांत : ‘मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा) धरली तर पहाटेपर्यंत.’ आता सगळं जीपीएसवर, तिथे मैल. हा मैल सागरी असतो, ते वेगळं सांगावं लागत नाही.

उत्तर : हे फार कामाचं. वाव म्हणजे फैलावलेले दोन हात, चार हातांचं माप, सहा फूट. लीलावतीतला दंडही चार हातांचाच. म्हणजे कोस हा दोन हजार वावांचा! सागरी मैल भरतो १,०१३ वाव. तासांत अंतर सांगायची रीतही जुनी आहे. अरबी नाखवे ‘झाम’ वापरत : तीन तासांची मजल, आपल्या प्रहराएवढी, अदमासे बारा सागरी मैल. म्हणजे सहा कोस. वारा पडला की झाम लांबतो, त्याला इलाज नाही.

विचारणा : मग वर्तमानपत्रातले बारा मैल, ते काय?

उत्तर : राज्याच्या मासेमारीची हद्द बारा सागरी मैल, २२.२ किलोमीटर, सहा कोस. अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे समुद्रातल्या साधनसंपत्तीवर देशाचा हक्क असलेला पट्टा, २०० सागरी मैलांचं, ३७०.४ किलोमीटर, जवळपास शंभर कोस. बातमीत नुसतं ‘मैल’ लिहिलं की वाचक जमिनीचा मैल धरतो आणि हद्द तीन किलोमीटरने आत सरकते. ‘सागरी मैल’ लिहावं. ‘नॉटिकल मैल’ही रुळलाय, त्याला माझी हरकत नाही. आणि सागरी मैल १,८५२ मीटरचा ठरला १९२९ साली, मोनॅकोच्या परिषदेत. त्याआधीच्या मजकुरात दशांश चिन्ह दिसलं तर संशय घ्यावा.

तुमच्या अनुवादात ‘आठ लीग (सुमारे बारा कोस)’ असं ठेवा. नुसतं ‘बारा कोस’ केलंत तर मूळ आकडा कायमचा बुडाला.

आणखी एक : बिघा, पांड, काठीही मांडून टाका की एकदा.

उत्तर : ती क्षेत्रफळाची मापं, २० चौरस काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा. काठी तेवढी लांबीची, पाच हात पाच मुठींची. समुद्रावर तिचं काम नाही.

विचारणा : आणि सेतूची शंभर योजनं?

उत्तर : या हिशेबाने १,४६० किलोमीटर. आपलं धनुष्कोडी ते श्रीलंकेतलं तलाईमन्नार तीसेक किलोमीटर आहे. तिथे कोष्टक काढू नका.