मदत हवी आहे: बेदाण्याच्या प्रकल्पात ‘मूळ संशोधन’ कोणते लिहावे?

तासगावची शिक्षिका: माझ्या आठवीतील विद्यार्थिनीने बेदाण्याच्या द्रावणावर, म्हणजे द्राक्षे लवकर वाळावीत म्हणून ती ज्यात बुडवतात त्या द्रावणावर, प्रकल्प केला आहे. हे तंत्रज्ञान कोणत्या वैज्ञानिक संशोधनातून जन्मले ते लिहा, असे परीक्षकांनी सुचवले आहे. अहवाल परवा द्यायचा आहे आणि ते संशोधन मला कुठेच सापडत नाही. कृपया लवकर सांगावे.

बागायतदार: बाई, द्रावण कोणते ते आधी लिहा. आम्ही 100 लिटर पाण्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल घालतो. न बुडवलेले मणी तुलनेसाठी ठेवले होते का?

कृष्णाकाठ: जिबरेलिन या वाढ-संप्रेरकाचे लिहा. भाताची रोपे उंच वाढवून मारणारी बुरशी ज्या द्रवात वाढवली, तो गाळून दिला तरी रोपे तशीच वाढतात, हे जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी 1926 मध्ये दाखवले आणि त्यातूनच पुढे आपण द्राक्षाचे मणी फुगवायला वापरतो ते ‘जीए’ (जिबरेलिक ॲसिड) आले. संशोधन आधी, तंत्रज्ञान नंतर, हा क्रम ठरलेला आहे.

निवृत्त प्राध्यापक: जीएविषयी बाईंनी विचारलेलेच नाही, आणि क्रमही ठरलेला नसतो. राखेच्या निवळीत तेल घालून द्राक्षे बुडवण्याची कृती पहिल्या शतकातील रोमन शेतीलेखनात आहे. सालीवरचे मेण पाणी अडवते आणि द्रावणामुळे त्या मेणाची रचना बदलते, हे मात्र विसाव्या शतकात उलगडले. न्यूकोमेनचे वाफेचे इंजिन 1712 चे, तर अशा इंजिनांमागील तत्त्व मांडणारे कार्नोचे विवेचन 1824 चे. ‘जन्मले’ हा शब्दच अहवालातून काढावा.

कृष्णाकाठ: डिपिंग ऑइलमधील इथिल ओलिएट रसायनशास्त्राने दिले नसते, तर आपण आजही राखच कालवत बसलो असतो.

निवृत्त प्राध्यापक: हे मान्य आहे. जुनी कृती का चालते हे कळले की ती सुधारता येते, आणि परिच्छेदात नेमके हेच यायला हवे.

शेडमालक: गंधकाची धुरी बेताने द्यावी, नाहीतर व्यापारी माल परत करतात.

तासगावची शिक्षिका: धुरी दिलेली नाही. द्रावण वरीलप्रमाणेच आहे. न बुडवलेले मणी वेगळ्या ताटलीत ठेवून ती रोज किराणा दुकानातील काट्यावर दोन्ही ताटल्यांचे वजन करत असे. पाणी सालीतून जाते की देठाच्या खाचेतून, हे पाहण्यासाठी तिने तिसऱ्या ताटलीतील न बुडवलेल्या मण्यांच्या खाचांवर मेणबत्तीचे मेणही लावले होते. प्रश्नाशी त्याचा संबंध नाही असे समजून मी ते लिहिले नव्हते.

निवृत्त प्राध्यापक: बाई, तेच तर संशोधन आहे! वहीतील ते पान अहवालात सर्वांत आधी लावा.

बागायतदार: तिसऱ्या ताटलीचे वजन रोज किती उतरले, ते आकडे इथे टाका.