अमळनेर ते प्रकाशा पायी: मुक्कामांचं कसं जमवायचं?

बोरीकाठची

मंडळी, जरा डोकं लावा. मी अमळनेरची. टपाल खात्यात पस्तीस वर्षं काढली. नीम, बेटावद, मुडावद, नरडाणा, दोंडाईचा, सारंगखेडा ही नावं टपाल लावून लावून पाठ झाली, पण यातल्या बहुतेक गावांत मी पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही. बेटावद बघितलं ते रेल्वेच्या खिडकीतून, तेही गाडी सुटताना. मार्चात रिटायर झाले. आता ही गावं पायांनी बघायची आहेत.

मुलगा मागच्या वर्षी इंग्लंडात असा पाच दिवस चालला. रोज दहा-बारा मैल, संध्याकाळी पुढच्या गावात कुणाच्या तरी घरातली खोली, गरम पाणी, सकाळी भरपेट न्याहारी. सामान एक गाडीवाला पुढच्या मुक्कामी नेऊन टाकायचा. याच्या पाठीवर पाण्याची बाटली आणि रेनकोट, बस. फोटो बघितले आणि म्हटलं, आपल्याकडे तापी आहे की.

आम्ही चौघं आहोत: मी, आमचे हे (वय ६३, उजवा गुडघा कुरकुरतो), माझी मैत्रीण आणि तिची जाऊ. पदयात्रा नको आहे. चैत्रात सप्तशृंगीला मी दोनदा पायी गेलेय. पुढे डीजे, मागे स्वयंपाकाचा टेम्पो, वाटेत पावलोपावली सरबत, रात्री मंडपात शे-दोनशे माणसं. खान्देश म्हणजे देवीचं माहेर, तिच्याकडे गर्दीनेच जावं. पण हे आम्हाला आमच्या चालीने करायचंय. वाटेत हरभरा दिसला तर बांधावर बसून खायचा, एवढीच महत्त्वाकांक्षा.

आखलंय ते असं: पहिल्या दिवशी नीमजवळ तापी-पांझरेच्या संगमावरचं कपिलेश्वर, मग नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, सारंगखेडा आणि सहाव्या दिवशी तापीकाठचं तीर्थ प्रकाशा. रोजचे पंधरा ते वीस किलोमीटर धरलेत. निघायचं मार्गशीर्षात. नदीच्या काठाकाठाने जाता येईल का? शहरांत लॉज मिळतील, पण मधल्या गावांत झोपायचं कुठे? आणि सामान कोण नेणार? घरचे म्हणतात, वेड लागलंय. त्यांचं मत कळलं, तुमचं सांगा.

केळीबागवाला

ताई, तापी सोडा, आमच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याने या. मनुदेवीपासून चोपड्याकडे चालत सुटायचं. अडावदजवळ उनपदेवाचा गरम पाण्याचा झरा आहे, साहेबांचा गुडघा शेकून निघेल. शिवाय थंडीत बामणोदच्या वांग्यांचं भरीत. फक्त पहाटे आणि दिवेलागणीला केळीच्या बागांतून चालू नका, बिबट्या असतो. दिवसा काही नाही.

पांझराकाठ

केळीबागवाले भाऊ, बिबट्या आणि भरीत एकाच दमात सांगितलंत, कमाल आहे.

ताई, मी शिंदखेडा तालुक्यातला, जिल्हा परिषदेचा रिटायर मास्तर. चार वर्षांपूर्वी आम्ही तिघं मित्र बेटावद ते प्रकाशा चाललो. तुमच्या वाटेचा मोठा भाग तोच. जे चुकलं ते आधी सांगतो, कारण जमलं त्यात आमची हुशारी थोडी आणि लोकांचा चांगुलपणा जास्त होता.

काठाकाठाने जायचं डोक्यातून काढा. नकाशात तापीचा काठ सरळ दिसतो. प्रत्यक्षात नदीकडे उतरणाऱ्या मातीच्या घळी इतक्या खोल आहेत की समोरचं गाव हाकेच्या अंतरावर दिसतं आणि वळसा घालण्यात तास जातो. आम्ही पहिल्याच दिवशी सकाळचे अडीच तास एका घळीत घालवले. वर आलो तर एक म्हातारबा बकऱ्या घेऊन उभे. म्हणाले, "कथाईन उनात भो? (कुठून आलात भाऊ?) गाडी बंद पडनी का?" पायी हौसेने चाललोय म्हटल्यावर त्यांनी आमच्याकडे असं बघितलं की मला आजही लाज वाटते. तेव्हा गाव ते गाव गाडवाटेने जा आणि नदीला दिवसातून एकदा भेटा, पुरते. नदी उतरून पलीकडे जाऊ असंही धरू नका. सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा या बॅरेजांमुळे हिवाळ्यात पाणी तुंबलेलं असतं, जुने उतार पाण्याखाली असतात. संगमाजवळ पांझरा कुठून ओलांडायची हेही नीममध्ये विचारूनच ठरवा.

दुसरं, तुम्ही पूर्वेकडून पश्चिमेला चाललात. सकाळी ऊन पाठीवर, फार छान वाटतं. दुपारी दोननंतर तेच ऊन सरळ डोळ्यांत. म्हणून सहाला निघा, बारापर्यंत दोन तृतीयांश पल्ला संपवा, जेवून लिंबाखाली तासभर आडवे व्हा. टोपी पुढून रुंद हवी. मार्गशीर्षात रात्री पारा दहाच्या खाली येतो, आणि देवळाच्या सभामंडपाची फरशी काय गार असते ते झोपल्याशिवाय कळत नाही. आम्ही सतरंज्या नेल्या होत्या. तिसऱ्या रात्री एका शेतकऱ्याने कापसाची रिकामी पोती अंथरून दिली, तेव्हा कुठे पाठ टेकली.

आता मुक्काम. वीस किलोमीटर झाले म्हणून थांबायचं नाही, जिथे ओळखीचं माणूस आहे तिथे थांबायचं. मग तो पल्ला बारा असो की बावीस. आम्ही उलटं केलं. दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर एका गावात शिरलो, म्हटलं शाळेत झोपू. शाळेला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे ते लग्नाला गेलेले. त्यांच्याबरोबर अर्धं गाव गेलेलं. शेवटी एका विहिरीवरच्या पंपाच्या खोलीत झोपलो. रात्री एकला लाइट आली, मोटार सुरू झाली, मालक पाणी भरायला आला तर आत तीन अनोळखी माणसं. पुढचं तुम्ही ओळखा. नंतर त्यानेच चहा केला म्हणा.

लग्नाचं लक्षात ठेवाच. तुळशीचं लग्न लागलं की तिथ्या सुटतात. तालुक्याच्या एका लॉजवर आम्ही फोन करून खोली सांगून ठेवली होती, पोचलो तर वऱ्हाडाला दिलेली. पैसे आधी दिलेले नव्हते, त्यामुळे भांडताही येईना. कॅलेंडरवर लग्नतिथींना आधी फुल्या मारा आणि उरलेल्यांत तुमचे दिवस बसवा.

दत्तजयंतीचंही तेच. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा तेव्हापासूनच भरते. बघायची असेल तर मुद्दाम तो दिवस साधा, घोडे बघून डोळे दिपतात. पण मग दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा, कुठेही खोली मागू नका. निवांत चालायचं असेल तर यात्रा उठल्यावर पौषात या. हरभऱ्याचे घाटेही तोवर भरलेले असतात.

एक गोष्ट मात्र मला हसू आणते. ताई, तुम्ही टपाल खात्यातल्या, आणि मुक्काम आम्हाला विचारता? या वाटेवर कितीतरी गावांत पोस्टाची शाखा आहे. तिथला डाकपाल गावातलाच असतो, कोणाचं घर मोठं, कोणाच्या वाड्याला संडास, कोणाची सून बाळंत आहे, सगळं त्याला ठाऊक. तुमच्यासारखी ओळख आम्हाला असती तर पंपाच्या खोलीत कशाला झोपलो असतो?

दोंडाईच्याची माहेरवाशीण

मास्तरांनी सगळं सांगितलं, बायकांचं राहिलं. ते नेहमीच राहतं.

ताई, सकाळी निघतानाच जिथे झोपलात तिथून उरकून निघा. पुढे कपाशी उंच असते तोवर आडोसा असतो, पण वेचणी होऊन पऱ्हाट्या उपटल्या की मैलभर सपाट काळी जमीन. लाजून पाणी कमी प्यायलात तर दुपारी डोकं धरेल. आम्ही मैत्रिणी नेहमी एक जुनं लुगडं बरोबर ठेवतो, दोघींनी धरलं की काम झालं. मुक्कामाचं घर ठरवताना पहिला प्रश्न जेवणाचा नको, संडासचा विचारा. स्पष्ट विचारा, कोणी रागावत नाही.

बूट नवे घालून निघू नका. मोजे मात्र जाड. वाळलेल्या गवताची कुसळं बारीक मोज्यातून आत जातात आणि मग दर दहा मिनिटांनी बसून वेचत बसायचं. बाभळीचा काटा तर रबरी तळव्यातून वर येतो. माझ्या आला होता. एका मळ्यातल्या आजीने माझा पाय मांडीवर घेतला, पोलक्याची सेफ्टी पिन काढली, दिव्यावर धरली, आणि मी ओरडायच्या आत काटा तिच्या तळहातावर. आधी काटा दाखवला, मग विचारलं, "कोनी पोर शे तू?" (कुणाची पोर तू?)

आणि आग्रहाला तयार राहा. बिबट्यापेक्षा मला त्याची धास्ती वाटते. रात्री शेवभाजी, वर तूप, वर दादरची (म्हणजे ज्वारीची) भाकरी, वर खापरावरची पुरणपोळी, आणि सकाळी सहाला निघायचं. "आमचं जेवण साधं, भाकरी-ठेचा" असं आधीच फोनवर सांगा. तरी ऐकणार नाहीत. पैसे हातावर ठेवू नका, अपमान होतो. घरात लहान मूल असेल तर त्याच्या हातात खाऊ द्या, किंवा अमळनेरहून काही घेऊन जा.

केळीबागवाला

सामानाचं कोणीच बोललं नाही.

पांझराकाठ

बरोबर. आम्ही पाठीवर घेतलं आणि चौथ्या दिवशी एकाने अर्धं सामान दोंडाईच्याहून पार्सल करून घरी पाठवलं. तुम्ही ॲपेवाला ठरवा. रोजचा एकच नको, जिथे झोपाल त्याच गावचा. तो सकाळी सामान घेऊन पुढच्या गावी जातो, तिथे ओळखीच्या घरी टाकतो आणि येताना भाडं भरून येतो, म्हणून स्वस्तात येतो. औषधं, पैसे आणि फोन मात्र स्वतःजवळ.

साहेबांच्या गुडघ्यासाठी ताप्ती लाइन आहेच. अमळनेर, बेटावद, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, सगळी स्टेशनं. गुडघा रुसला की त्यांनी पॅसेंजरने पुढच्या मुक्कामी जायचं आणि तुम्ही येईपर्यंत चहा टाकून ठेवायचा. दोंडाईच्यापुढे रेल्वे नंदुरबारकडे वळते, तापीपासून लांब जाते. शेवटचे दोन दिवस एसटीचाच आधार. बायकांना २०२३च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, साहेबांना मात्र पूर्ण पडेल.

अजून एक. सारंगखेड्याला पूल ओलांडून तुम्ही उत्तर काठावर आलात की पाठीवर पिशवी आणि हातात काठी बघून लोक "नर्मदे हर" म्हणतील. नर्मदा परिक्रमेची माणसं प्रकाशाकडून जातात, त्यामुळे त्या बाजूला पायी चालणारा दिसला की तो परिक्रमावासीच. आम्हाला एका बाईंनी उसाच्या ट्रॅक्टरला थांबवून वाट करून दिली, ओसरीवर बसवलं, आणि वाकून पाया पडायला लागल्या. माझ्या मित्राने मुकाट्याने पडू दिलं. मला रात्रभर झोप नाही. खरं काय ते लगेच सांगा, चहा तरीही मिळतो.

बोरीकाठची

तुम्ही सगळ्यांनी मिळून माझा बेत पार मोडलात आणि बरा केलात.

काल जुनी डायरी काढली. पाच गावांचे डाकपाल आवाजावरून ओळखले, दोघांनी मला ओळखलं. नीमच्या बाजूला एकाची बहीण दिलेली आहे, तिच्या ओसरीवर पहिला मुक्काम ठरला. संडास आहे, विचारलं. बेटावदला एक मुक्काम वाढवला. तिथून शिंदखेडा एका दिवसात जमणार नाही म्हणून मध्ये नरडाणा राहू दिलं, हायवेवरचा आवाज सोसायचा. शिंदखेड्यात मैत्रिणीच्या जावेचे मामेसासरे निघाले. खान्देशात कोणीतरी निघतंच. दोंडाईच्यात लॉज, पण पैसे आधी भरून आणि लग्नतिथी टाळून. असे सहाचे सात दिवस झाले. तारीख पौषात ढकलली. सारंगखेड्याचे घोडे यंदा राहिले, त्याचं वाईट वाटतं.

आमचे हे म्हणतात, रेल्वेने पुढे जाऊन चहा टाकण्याचं काम त्यांना मनापासून मान्य आहे. रोज केलं तरी चालेल. मास्तर, हे तुम्ही सुचवलंत, लक्षात ठेवीन.

एकच राहिलं. पहिल्या दिवशी नीमच्या मुक्कामी जेवणाचं त्या बाईंवर फार ओझं नको, आम्ही चौघं आहोत. पीठ-मीठ बरोबर नेलं तर वाईट दिसेल का?

पांझराकाठ

पीठ नेलंत तर त्या बाई तुम्हाला घरात घेणार नाहीत. त्यापेक्षा असं करा, निघायच्या आदल्या दिवशी तारीख कळवा. मी संध्याकाळी मोटारसायकलवर नीमला येतो, येताना शेतातली वांगी आणि पऱ्हाट्यांची एक मोळी आणतो. अंगणात भरीत भाजू. बाईंनी फक्त कळण्याच्या भाकरी टाकायच्या. पांझरा कुठून ओलांडायची तेही तिथेच दाखवतो.