झायॉनच्या बोगद्याऐवजी आरव्ही कोणत्या मार्गाने न्यावी?

प्रश्न:
येत्या मे महिन्यात लास व्हेगसहून आरव्ही (राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेऊन युटा राज्यातील झायॉन व ब्राइस ही राष्ट्रीय उद्याने आणि ॲरिझोनातील पेज गाव असा प्रवास करण्याचा आमचा विचार आहे. सोबत पुण्याहून येणारे सासू-सासरे असतील. गाडी साडेआठ फूट रुंद आणि 12 फूट उंच आहे. झायॉनहून पूर्वेकडे जाणाऱ्या बोगद्यातून ती जाईल का? सासऱ्यांना इतिहासाची मनापासून आवड आहे, म्हणून रस्त्यालगतची, फार चालावे न लागणारी स्थळेही कृपया सुचवावीत.

पहिले उत्तर:
1930 मध्ये खुला झालेला हा 1.1 मैलांचा बोगदा कमानदार छताचा असल्यामुळे उंच वाहनाला आपल्या बाजूने जाता येत नाही, ते रस्त्याच्या मधोमध येते. 11 फूट 4 इंच उंची किंवा 7 फूट 10 इंच रुंदी ओलांडणारे वाहन तेथे मोठे ठरते, तेव्हा आपण बोगद्याचा विचार सोडावा. झायॉन पाहून हरिकेन गावी परतावे आणि 59 क्रमांकाच्या, ॲरिझोनात शिरताच 389 होणाऱ्या रस्त्याने फ्रेडोनियामार्गे कनाब गाव गाठावे. अंतर वाढेल, पण वाटेत पाइप स्प्रिंग हे ऐतिहासिक स्मारक लागेल, आणि केवळ त्यासाठीही मी हाच रस्ता सुचवला असता. 1870 नंतरच्या एक-दोन वर्षांत मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतकारांनी तेथील झऱ्यावरच दगडी गढी उभारली. समोरासमोर दोन इमारती, त्यांना जोडणाऱ्या उंच भिंती आणि पाणी आत, अशी तिची रचना आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यावर जगणारे कैबाब पायूट हे मूळनिवासी लोक मात्र त्याला पारखे झाले. स्मारकाभोवती आज त्यांचेच राखीव क्षेत्र असून संग्रहालयात त्यांची बाजूही मांडलेली आहे. गढी पाहण्याआधी ती बाजू वाचावी, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

दुसरे उत्तर:
पेजहून वाट थोडी वाकडी करून मार्बल कॅन्यनचा नवाहो पूलही पाहावा. 1929 चा मूळ पूल आता केवळ पादचाऱ्यांसाठी आहे आणि वाहने शेजारच्या, 1995 च्या पुलावरून जातात. सपाट पुलावरून 467 फूट खाली कोलोरॅडो नदी दिसते, त्यामुळे ज्येष्ठांनाही कष्ट पडत नाहीत. पुलाचे काम चालू असताना, 1928 मध्ये, जवळच्या लीज फेरी या उतारावरची, लोकांना नदीपार नेणारी नाव बुडून तिघांचा मृत्यू झाला आणि ती सेवा कायमची थांबली. त्यानंतर पलीकडच्या काठावर सामान पोहोचवण्यासाठी सुमारे 800 मैलांचा वळसा घ्यावा लागत असे.

तिसरे उत्तर:
एक व्यावहारिक सूचना. ब्राइसचा कडा 8000 फुटांहून उंच असल्याने मे महिन्यातही रात्री पाणी गोठू शकते. झोपण्यापूर्वी आरव्हीची बाहेरची पाण्याची नळी काढून रिकामी करावी आणि आतल्या टाकीतील पाणी वापरावे. शिवाय उन्हाळ्यात ॲरिझोनाचे घड्याळ युटाच्या एक तास मागे असते, परंतु ॲरिझोनातील नवाहो या मूळनिवासी जमातीच्या भूमीवर युटाचीच वेळ पाळली जाते. पेजच्या परिसरातील सहलींचे आरक्षण करताना वेळ कोणती धरली आहे, हे विचारून घ्यावे.