नसबंदी झालेला बोका मांजरीवर चढून राहिला, मदत हवी आहे

आमच्या बोक्याची नसबंदी जूनमध्ये अमरावतीला केली, पाच महिने झाले, तरी महिनाभरापासून तो घरातल्या मांजरीची मान पकडून तिच्यावर चढून राहिला, दिवसातून तीन-चारदा. तिचंही ऑपरेशन झालेलं आहे, बिचारी पोत्यांमागून निघतच नाही. कापूस वेचणीमुळे घर दिवसभर बंद राहते अन् बाहेरचा एक बोका खिडकीशी येऊन ओरडते, तेव्हापासूनच हे वाढलं. लघवी नीट होते, रक्त नाही, भिंतीवर फवारत नाही. मी त्याला मारत नाही, टाळी वाजवून वेगळं करतो, दोरीनं खेळवतो, ताटल्या वेगळ्या केल्या, पण थोड्या वेळानं पुन्हा तेच. गावातले डॉक्टर गाई-बैलच पाहतात. हार्मोन तर काही आठवड्यांत उतरतात ना, मग हे ताणामुळे आहे का एखादं वृषण पोटात राहिलं असेल? अमरावतीला नेलं तर टेस्टोस्टेरॉनची तपासणी करायला सांगू का?